उभ्या पिकावरचे कर्ज

आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र हा विषय एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो: देशोदेशींच्या देवघेवीत कोणाच्या पदरात काय पडते, आणि ते तसेच पडावे हे कोण ठरवते? प्रश्नाचा पहिला अर्धा भाग अर्थशास्त्राचा आहे, दुसरा राज्यशास्त्राचा. व्यापार, चलन, कर्ज, परकीय गुंतवणूक, मजुरांचे स्थलांतर, धान्य आणि तेल यांचे आकडे अर्थशास्त्रज्ञ मांडतो. पण जकात किती असावी, बुडीत कर्जाचा भार कोणी उचलावा, जगाने कोणाच्या नाण्यात हिशेब ठेवावा, या गोष्टी एकटा बाजार ठरवत नाही. त्यामागे सैन्य असते, तह असतात, संसदेतली मते असतात आणि पुष्कळदा खासगीत झालेले संगनमत असते. हा विषय शिकणारा विद्यार्थी हिशेबाची वही आणि तहाचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायला शिकतो.

‘राजकीय अर्थशास्त्र’ हे नाव जुने आहे. आंत्वान द मोंक्रेत्यँ या फ्रेंच लेखकाने 1615 साली ते आपल्या ग्रंथाला दिले. अॅडम स्मिथ, रिकार्डो, मिल आणि मार्क्स हे सगळे याच शास्त्राचे अभ्यासक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘राजकीय’ हे विशेषण गळाले आणि अर्थशास्त्र गणिताकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय संबंध हा वेगळा विषय उभा राहिला आणि तो युद्ध, तह आणि मुत्सद्देगिरी यांत गुंतला. एकाच विद्यापीठातले हे दोन विभाग परस्परांशी फारसे बोलत नसत. सुझन स्ट्रेंज या ब्रिटिश अभ्यासिकेने 1970 साली एका लेखात या परस्पर दुर्लक्षावर बोट ठेवले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि 1973 साली तेलाच्या किमती भडकल्या. चलन आणि तेल ही केवळ अर्थशास्त्राची प्रकरणे राहिली नाहीत, तेव्हा दोन विभागांमधली भिंत आपोआपच पडू लागली. स्ट्रेंज यांचे लेखन, रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांचा परस्परावलंबनावरचा 1977 चा ग्रंथ, रॉबर्ट गिल्पिन यांचे 1987 चे पुस्तक, यांतून विषयाला आजचे रूप आले.

हा इतिहास पाश्चात्त्य विद्यापीठांपुरता सांगितला की विषय परका वाटतो. प्रत्यक्षात त्यातले प्रश्न मराठी मुलखात नावाच्या आधीच विचारले गेले होते. रामकृष्ण विश्वनाथ यांनी 1843 साली हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी देशाची संपत्ती कोणत्या वाटांनी बाहेर जाते याचा हिशेब मांडला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय राजकीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि इंग्लंडच्या अनुभवावरून काढलेले नियम सर्व देशांना सारखे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. केन्सने ज्या चलनव्यवस्थेची बाजू 1913 साली मांडली होती, तिच्यावर या प्रबंधाने टीका केली. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्याला होणारा फायदा हा मजुराच्या खिशातून येतो, हा त्यातला मुद्दा आजही वर्गात शिकवण्याजोगा आहे. चलनाच्या दरासारख्या कोरड्या विषयात ‘फायदा कोणाचा’ हे विचारणे म्हणजेच राजकीय अर्थशास्त्र. पुण्यात 1930 साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र नांदतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठी वाचकासाठी या विषयाची सर्वांत बोलकी प्रयोगशाळा मात्र पुण्या-मुंबईत नाही. ती कावेरीच्या खोऱ्यात आहे.

कुंभकोणमच्या नैऋत्येला सुमारे वीस किलोमीटरवर, तंजावर जिल्ह्याच्या पापनासम तालुक्यात तिरुक्करुगावूर हे गाव आहे. मुल्लैवननाथ आणि गर्भरक्षांबिका यांच्या देवळामुळे ते प्रसिद्ध आहे. गर्भाचे रक्षण व्हावे म्हणून बायका इथे नवस बोलतात आणि प्रसादाचे तूप घेऊन जातात. देवळाभोवती कालव्यांनी भिजणारी भातशेती पसरलेली आहे. जूनच्या सुमारास लावलेले ‘कुरुवै’ आणि त्यानंतरचे लांब मुदतीचे ‘सांबा’ ही तिथल्या भाताच्या हंगामांची नावे. हे गाव 1670 च्या दशकापासून तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतले आणि 1855 साली दुसरे शिवाजी राजे औरस पुत्रावाचून वारले, तोवर हे घराणे टिकले.

राज्य लहान, पण किनारा जगाला खुला होता. डेन्मार्कच्या कंपनीने 1620 साली, भोसल्यांपूर्वीच्या नायक राजांच्या काळातच, तरंगमबाडीला बस्तान बसवले होते. डचांनी 1658 मध्ये पोर्तुगीजांकडून नागपट्टणम घेतले. फ्रेंचांना 1739 मध्ये कारैकाल मिळाले आणि इंग्रजांना 1749 मध्ये देवीकोट्टै. एकाच राजाच्या किनाऱ्यावर युरोपातल्या चार कंपन्या शेजारी शेजारी बसलेल्या. त्यांना कापड आणि तांदूळ हवा होता. राजाला पैसा, दारूगोळा आणि शेजाऱ्यांपासून संरक्षण हवे होते. ही देवाणघेवाण सुरुवातीला बरोबरीची होती. ती कधी आणि कशी एकतर्फी झाली, हे शोधणे म्हणजे या विषयातला एक उत्तम प्रबंध ठरेल.

त्या घसरणीचा सर्वांत स्पष्ट टप्पा 1762 ते 1777 या पंधरा वर्षांत सापडतो. अर्काटचा नवाब महंमद अली हा तंजावरकडून खंडणी मागत असे. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर जॉर्ज पिगट याने 1762 मध्ये दोघांत करार घडवून आणला. राजाने मागील बाकीचे 22 लाख रुपये हप्त्यांनी द्यावेत आणि दरसाल 4 लाख रुपये पेशकश भरावी, असे ठरले. पुढच्या वर्षी पॅरिसला इंग्लंड-फ्रान्सचा तह झाला आणि त्याच्या अकराव्या कलमात महंमद अली हाच कर्नाटकाचा, म्हणजे अर्काटचा, कायदेशीर नवाब, असे दोन्ही सत्तांनी मान्य केले. कावेरीकाठी कोणी कोणाला खंडणी द्यावी या वादातल्या एका पक्षावर सेन नदीच्या काठी मोहोर उठली. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला याहून थेट उदाहरण शोधायला नको.

नवाब मात्र स्वतःच कर्जात बुडालेला होता. त्याचे सावकार हे बहुतेक ईस्ट इंडिया कंपनीचेच नोकर. कंपनीच्या पगारावर कोणी श्रीमंत होत नसे; म्हणून हे नोकर खासगीत नवाबाला जबर व्याजाने पैसे देत आणि तारण म्हणून त्याच्या मुलखाचा महसूल लिहून घेत. कर्ज वाढले तसा आणखी महसूल हवा झाला. आणखी महसूल म्हणजे आणखी मुलूख, आणि हाताशी असलेला सर्वांत सुपीक मुलूख म्हणजे तंजावर. नवाबाच्या आणि कंपनीच्या फौजांनी 1771 साली तंजावरला वेढा घातला, तेव्हा राजे तुळजाजींनी मोठी रक्कम कबूल करून तो उठवला. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1773 मध्ये, शहर पडले. राजा कैदेत गेला आणि मुलूख नवाबाकडे.

पॉल बेनफील्ड हे नाव इथे येते. हा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर. 1764 मध्ये मद्रासला आला आणि बांधकामाचे मक्ते व सावकारी यांत हात घातला. तंजावर नवाबाकडे असताना त्याने नवाबाला दिलेल्या पैशाबदल्यात तिथला महसूल आपल्या नावे लिहून घेतला. शिवाय तंजावरच्या लोकांना कर्जे देऊन त्यांचे उभे पीक गहाण ठेवून घेतले.

कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना तंजावर घेतलेले रुचले नव्हते. त्यांनी त्याच पिगटला पुन्हा गव्हर्नर नेमून पाठवले आणि राजाला गादी परत देण्याची आज्ञा केली. 11 एप्रिल 1776 रोजी तुळजाजी पुन्हा गादीवर बसले. लगेच बेनफील्डने आपला दावा पुढे केला: नवाबाकडून मिळालेल्या महसुलाच्या हक्कापोटी 4 लाख 5 हजार होन, म्हणजे त्या काळच्या दराने 1 लाख 62 हजार पौंड, आणि लोकांना दिलेल्या कर्जांपोटी आणखी 72 हजार पौंड. पिगटने दावा नाकारला. मद्रासच्या कौन्सिलातल्या बहुमताने आधी नकाराला मान डोलावली, मग फिरून दावा उचलून धरला. त्या बहुमतातल्या अनेकांचे हात याच सावकारीत अडकलेले होते. तंजावरला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून कोणाला पाठवायचे यावर भांडण विकोपाला गेले. कारण जो तिथे जाईल त्याच्या हाती पिकाची वसुली जाणार होती. 24 ऑगस्ट 1776 रोजी कौन्सिलाने स्वतःच्या गव्हर्नरला अटक केली. मे 1777 मध्ये पिगट कैदेतच मेला. इंग्लंडात चार कौन्सिलरांवर खटला चालला आणि प्रत्येकी एक हजार पौंड दंड झाला. ज्या दाव्यासाठी हे घडले त्याच्या मानाने हा दंड किरकोळच म्हणायचा.

कालगणना पाहिली की आणखी एक गंमत दिसते. तंजावर पडले त्याच वर्षी, डिसेंबर 1773 मध्ये, बॉस्टनच्या बंदरात याच कंपनीचा चहा समुद्रात फेकला गेला. तुळजाजी गादीवर परत आले त्याच्या महिनाभर आधी, 9 मार्च 1776 रोजी, लंडनमध्ये अॅडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ बाहेर पडला, आणि त्यात व्यापारी कंपनीला राज्यकर्त्याची सत्ता देण्यावर कडक टीका होती. एकच कंपनी, तीन खंड आणि तीन वर्षे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे तीन वेगळे धडे असतात. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या वर्गात ते एका तासात यायला हवेत.

या विषयात तीन मुख्य विचारपरंपरा शिकवल्या जातात. व्यापारवादी किंवा वास्तववादी परंपरा राज्याच्या बळाला केंद्रस्थानी ठेवते, उदारमतवादी परंपरा बाजार आणि नियमांना, तर मार्क्सवादी परंपरा वर्ग आणि वरकड उत्पन्नाच्या उचलीला. नुसत्या व्याख्या पाठ केल्याने त्यांतला फरक लक्षात राहत नाही. तंजावरचे प्रकरण तिन्ही भिंगांखाली धरले की राहतो.

वास्तववादी म्हणेल, सगळ्याचे मूळ इंग्रज-फ्रेंच स्पर्धेत आहे. कारैकालला फ्रेंच बसलेले असताना तंजावरचा किल्ला आणि तांदूळ भरवशाच्या हाती हवा होता. हे पटते; पण मग इंग्रजांनी आपल्याच गव्हर्नरला कैद का केले, याचे उत्तर मिळत नाही. उदारमतवादी म्हणेल, दोष मक्तेदारीचा आणि नियमांच्या अभावाचा. व्यापारी आणि राजा एकच झाला, हिशेब तपासणारा कोणी नव्हता, म्हणून भ्रष्टाचार माजला. स्मिथचे म्हणणे हेच होते. पण नियम आल्यावर काय झाले? कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी 1784 मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ कंट्रोलने नवाबाची खासगी कर्जे तपासणी न करताच मान्य केली. नियमांनी कर्ज धुऊन साफ केले. मार्क्सवादी म्हणेल, नवाब, बेनफील्ड आणि कौन्सिल यांची भांडणे ही वरच्यांची भांडणे. खाली कुळाच्या खळ्यावरचे धान्य तिघांनाही हवे होते. ही मांडणी तळाशी पोहोचते, पण लंडनने राजाला गादी परत का दिली, आणि त्यावरून संसद का पेटली, ते तिला नीट सांगता येत नाही.

या प्रकरणाला सुझन स्ट्रेंज यांची चौकट अधिक उपयोगी पडते, असे म्हणायला जागा आहे. त्यांच्या मते जगातली रचनात्मक सत्ता चार ठिकाणी असते: सुरक्षेत, उत्पादनात, पत निर्माण करण्यात आणि ज्ञानात. तंजावरजवळ उत्पादन होते. सुरक्षा कंपनीकडून भाड्याने येत होती. पत मद्रासच्या सावकारांच्या हाती होती. आणि कोणाचे कर्ज खरे, कोणाचे खोटे हे ठरवणारे कागद त्या सावकारांच्याच कपाटात होते. चारांपैकी तीन गोष्टी दुसऱ्याच्या हाती असताना चौथी, म्हणजे कावेरीच्या गाळाची जमीन, राजाच्या फारशी कामी आली नाही. 1781 मध्ये म्हैसूरच्या हैदरअलीच्या स्वारीने तीही उद्ध्वस्त केली. शेवटी 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांच्या हाती किल्ला आणि आसपासचा भाग उरला; बाकी कारभार कंपनीकडे गेला.

बेनफील्ड पुढे इंग्लंडात खासदार झाला. एडमंड बर्कने 28 फेब्रुवारी 1785 रोजी संसदेत अर्काटच्या कर्जांवर केलेले भाषण या विषयाच्या अभ्यासकाने वाचावेच असे आहे. कर्जदाराच्या नावावर धनकोच स्वतःसाठी कर कसा बसवतो, याचे इतके सविस्तर वर्णन त्या काळात क्वचित सापडते. पण संशोधनाची खरी कसोटी इथेच लागते. एडमंड बर्कचा आप्त विल्यम बर्क हा तंजावरच्या राजाचा लंडनमधला वकील होता. म्हणून भाषण खोटे ठरत नाही. पण ते निःपक्ष साक्षीदाराचे म्हणून वाचणेही चूक. प्रत्येक कागदामागे एक पोट असते, हा संशय बाळगून साधने वाचणे हा या विषयाच्या पद्धतिशास्त्राचा अर्धा भाग आहे. बेनफील्डचा शेवट मात्र कोणत्याच सिद्धान्तात बसत नाही: 1810 साली पॅरिसमध्ये तो निर्धन अवस्थेत मेला.

उरलेला अर्धा भाग साधने कुठे आहेत आणि कोणत्या भाषेत आहेत हे जाणण्याचा. तंजावरच्या या एका प्रकरणाचे कागद निदान पाच शहरांत विखुरलेले आहेत. कंपनीची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि चेन्नईच्या एग्मोर भागातल्या राज्य अभिलेखागारात आहेत. डच कंपनीचे कागद हेगला, डॅनिश कंपनीचे कोपनहेगनला. आणि राजाच्या बाजूचे कागद तंजावरला, मोडी लिपीत, मराठीत. सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळ विद्यापीठात हे मोडी दप्तर आहे, आणि त्यातल्या काही भागाची तमिळ भाषांतरे विद्यापीठाने छापली आहेत. बृहदीश्वराच्या देवळातला 1803 चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेखही याच दरबाराने कोरवून घेतलेला.

इथे एक विषमता आहे. जगभरच्या विद्यापीठांत या काळावर जे लिहिले जाते ते बहुतांशी इंग्रजी दप्तरावर आधारलेले असते. कारण ते सहज वाचता येते. म्हणजे ज्याने कर्ज दिले त्याची वही वाचली जाते, आणि ज्याच्याकडून वसूल झाले त्याची वही बांधलेलीच राहते. मोडी वाचू शकणारा मराठी विद्यार्थी या विषयात आला तर त्याच्यापाशी असे भांडवल असेल जे परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांतही सहजी मिळत नाही. त्याला तमिळही लागेल, कारण गावपातळीवरचे व्यवहार, जमिनीच्या वाटणीचे शब्द आणि मापे तमिळ आहेत. दोन्ही भाषा येणारी माणसे तंजावर-कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या होतीच.

त्यातलेच एक टी. माधवराव. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेले हे देशस्थ मराठी गृहस्थ मद्रासला शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्यामुळे महाराष्ट्रात त्यांचे नाव माहीत असते. पण राजकीय अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे त्रावणकोरातले काम अधिक महत्त्वाचे आहे. 1850 च्या दशकाच्या अखेरीस ते तिथे दिवाण झाले, तेव्हा मिरी आणि तंबाखू हा सरकारी मक्तेदारीचा माल होता. मक्तेदारी मोडली की व्यापार वाढणार, पण तिजोरीतले हमखास उत्पन्न जाणार. त्यांनी 1860 मध्ये मिऱ्याची आणि 1863 मध्ये तंबाखूची मक्तेदारी उठवली. त्यानंतर 1865 मध्ये ब्रिटिश सरकार, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात व्यापारी करार झाला. तिघांच्या सीमेवरची परस्पर जकात गेली. मोबदल्यात संस्थानांनी परदेशी मालावरची जकात आणि मिठाचा भाव ब्रिटिश हिंदुस्थानच्या दरांशी जुळवून घेतला.

आजच्या भाषेत हा जकात संघ होता, जर्मन राज्यांनी 1834 मध्ये उभारलेल्या संघाच्या जातीचा. फरक इतकाच की जर्मन संघाचे नेतृत्व प्रशियाकडे होते आणि त्यातून पुढे एक राष्ट्र घडले; त्रावणकोरच्या करारात दर ठरवणारी सत्ता कराराबाहेर, कलकत्त्यात आणि लंडनमध्ये होती. मुक्त व्यापार स्वीकारताना लहान राज्य स्वतःची जकात ठरवण्याचा हक्क देऊन टाकते, हा पेच आजही मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींत तसाच उभा राहतो. माधवरावांनी पदरात काय पाडून घेतले आणि काय सोडले, याचा तटस्थ हिशेब कोणीतरी मराठीत मांडायला हवा. चरित्रकारांनी त्यांची स्तुतीच अधिक केली आहे.

विसाव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यातून तांदळापेक्षा माणसे अधिक बाहेर गेली. नागपट्टणमच्या बंदरातून पेनांग आणि सिंगापूरकडे आगबोटी सुटत. मलायाच्या रबरमळ्यांत आणि श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबायला मुकादमांमार्फत मजूर नेले जात, आणि या मुकादमांना ‘कंगाणी’ म्हणत. 1938 मध्ये हिंदुस्थान सरकारने मलायाला मजूर पाठवणे बंद केले. रबराचा भाव लंडन-न्यूयॉर्कमध्ये पडला की तंजावरच्या गावात परत आलेल्या मजुरांची गर्दी होई. त्याच सुमारास, 1930 च्या दशकातल्या मंदीत, ब्रह्मदेश आणि सयामचा स्वस्त तांदूळ मद्रासच्या किनाऱ्यावर उतरू लागला आणि कावेरीच्या भाताचे भाव कोसळले. मेट्टूरचे धरण 1934 मध्ये पुरे झाले ते नेमक्या याच भावपडीत. पाणी मिळाले तेव्हा भाव गेला होता.

गाव हे संशोधनाचे एकक मानण्याची पद्धतही या भागाने पाहिली आहे. मद्रास विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून दक्षिणेतल्या काही खेड्यांची पाहणी करून घेतली आणि ती 1918 साली ग्रंथरूपाने काढली. तंजावर भागातले पालकुरिची हे त्यातले एक. पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांनी त्याच गावांच्या फेरपाहण्या केल्या. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅथलीन गॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तंजावर जिल्ह्यातल्या गावांत राहून जमीनधारणा आणि जात यांचा अभ्यास केला. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या विषयाला खेड्यातली वही लागते, हे यांतून सिद्ध झालेलेच होते. विषयाची पाठ्यपुस्तके मात्र अजूनही राजधान्या आणि मध्यवर्ती बँका यांच्यातच रमतात.

आजच्या तिरुक्करुगावूरचे भात दोन वाटांनी जगाशी जोडलेले आहे. पहिली वाट सरकारी खरेदीची. कावेरीच्या खोऱ्यात तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाची थेट खरेदी केंद्रे आहेत, आणि शेतकरी तिथे हमीभावाने भात घालतो. हा हमीभाव जिनिव्हात मोजला जातो. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीकरारानुसार विकसनशील देशाने एका पिकाला दिलेला असा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत हवा, आणि तो मोजताना तुलनेला धरायचा भाव 1986 ते 1988 या वर्षांचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी आजचा हमीभाव ताडला की आधार फुगलेला दिसणारच. 2013 च्या बाली परिषदेत यावर तात्पुरती सवलत मिळाली. मर्यादा ओलांडली तरी, काही अटी पाळल्यास, खटला भरायचा नाही, असे ठरले. भारताने 2018–19 च्या तांदळासाठी ही सवलत 2020 मध्ये प्रथम वापरली. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही.

दुसरी वाट निर्यातीची. जगाच्या तांदूळ-व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के आहे. 20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के निर्यातशुल्क लावले. देशातले भाव आवरण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाने आशिया-आफ्रिकेतले भाव चढले. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. यात कोण जिंकले? दिल्लीतल्या निर्णयाने शहरी ग्राहकाला थोडा दिलासा, निर्यातदाराला फटका आणि तांदूळ आयात करणाऱ्या गरीब देशाला महागाई. कावेरीकाठचा शेतकरी हमीभावाने विकत असेल तर त्याला फारसे जाणवणार नाही. खासगी व्यापाऱ्याला विकत असेल तर जाणवेल. उत्तर कोणत्या केंद्रावर, कोणत्या हंगामात, कोणत्या जातीचे भात विकले यावर अवलंबून आहे. म्हणून असा अभ्यास करणाऱ्याला खरेदी केंद्राच्या पावत्याही लागतात आणि वाणिज्य मंत्रालयाच्या अधिसूचनाही.

जमिनीखालचा प्रश्नही आहेच. कावेरीच्या खोऱ्यात तेल आणि वायू सापडतो, आणि त्यावरून शेतकऱ्यांनी दीर्घ आंदोलने केली. फेब्रुवारी 2020 मध्ये तमिळनाडू विधानसभेने तंजावरसह या भागाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला आणि नव्या उत्खननाला बंदी घातली. आयात तेलावर अवलंबून असलेल्या देशाने आपले तेल शेतीसाठी जमिनीत ठेवावे का, हा प्रश्न चर्चासत्रात टाकला की वर्ग दोन तट करून बसतो.

पदव्युत्तर पातळीवर हा विषय घेणाऱ्याच्या वाट्याला सामान्यतः सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, चलन आणि वित्त, विकास आणि संशोधनपद्धती अशी विषयांची मालिका येते. भारतात तो स्वतंत्र विभाग म्हणून क्वचितच भेटतो. बहुतेक ठिकाणी तो राज्यशास्त्राच्या किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.मध्ये एक पेपर म्हणून असतो, नाही तर अर्थशास्त्रात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुल 1955 साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाले आणि 1970 मध्ये विद्यापीठात विलीन झाले. तिथे जागतिक अर्थव्यवस्थेत विशेष अध्ययनाची सोय आहे. अर्थशास्त्रातून येणाऱ्याला संख्याशास्त्र येते, पण तह वाचता येत नाही. राज्यशास्त्रातून येणाऱ्याचे उलट. पहिले वर्ष बहुधा ही उणीव भरण्यातच जाते.

प्रबंधाचा विषय निवडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘जागतिकीकरण आणि भारत’ यासारखे आभाळाएवढे शीर्षक घेणे. मार्गदर्शक ते छाटायला लावतो. चांगला प्रश्न बोटावर मावतो: 1776 च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये तंजावरच्या कोणत्या तालुक्यांतले पीक कोणाकडे गहाण होते? 1865 च्या करारानंतर त्रावणकोरचे जकात-उत्पन्न पाच वर्षांत किती घटले आणि ते कशाने भरून निघाले? 2023 च्या बंदीच्या महिन्यांत पापनासम तालुक्यातल्या खरेदी केंद्रांवर किती भात आले? पहिल्यासाठी मोडी शिकावी लागते, दुसऱ्यासाठी त्रावणकोरचे वार्षिक प्रशासन अहवाल चाळावे लागतात. तिसऱ्यासाठी कुंभकोणमहून पापनासमकडे जाणारी बस पकडून, हंगामात, ओल्या भाताच्या ढिगाशेजारी आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यांशी तमिळमध्ये बोलावे लागते.